सरकारी मदतीसाठी अर्ज केलेल्यांची माहिती गावभर का फिरते?

रानवारा

आमच्या गावात (डिचोली तालुका) सध्या एक पीडीएफ फिरतेय. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या (दरमहा आर्थिक मदत) लाभार्थींची आमच्या पंचायतीपुरती यादी. त्यात नाव, वय, घर क्रमांक, मोबाइल, आधार क्रमांक, बँकेचं नाव, खाते क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात 'प्रकार': ज्येष्ठ, विधवा, घटस्फोटित, दिव्यांग. कुणीतरी ती वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिथून क्रिकेट क्लबच्या, मग देवस्थानच्या, मग भजनी मंडळाच्या. आता पोदेराच्या (पाववाल्याच्या) फोनमध्येसुद्धा आहे.

त्या यादीतली एक बाई मला जवळची. तिला विचारून आणि तिची ओळख लागणार नाही अशा बेतानं लिहितेय. नवऱ्यापासून कायदेशीर वेगळी झालीय, पण मुलांच्या शाळेत आणि माहेरी 'तो बोटीवर असतो' एवढंच सांगितलेलं. बोटीवर गेलेली माणसं आपल्याकडे घरोघरी, त्यामुळे कुणी कधी पुढचं विचारलं नाही. यादी फिरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानावर एका माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, "बाय, तुजो घोव बोटीर न्हय?" ती घरी आली ती थेट माझ्याकडे, आणि विचारायला लागली की अर्ज मागे घेता येतो का. महिन्याचे ते पैसे सोडून द्यायची तिची तयारी होती. तिच्या घरात त्या पैशांवर काय काय चालतं ते मला माहीत आहे, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. मदत मागताना माणूस आपली अडचण सरकारपुढे मांडतो, कारण त्याशिवाय मदत मिळत नाही. उत्पन्न किती, नवरा कुठे, आजार कोणता हे कागद तो खिडकीतून आत देतो ते तपासणीसाठी. तपासणाऱ्याचं काम झालं की ती माहिती तिथंच थांबायला हवी. शेजाऱ्याला ती कळायचं काहीच कारण नाही. गोव्यात तर गावं इतकी लहान की नाव खोडलं तरी घर क्रमांकावरून माणूस ओळखता येतो.

तुमच्याकडे काय चालतं? आणि असं झाल्यावर करायचं काय?

फोंडेकर

रानवाराताई, त्या बाईंना आधी सांगा, अर्ज मागे घेऊ नका. यादी फिरवणाऱ्याचा गुन्हा आणि त्याची शिक्षा स्वतःला, असं नको.

आमच्याकडे यादी फिरलेली नाही, पण झेरॉक्सच्या दुकानाचं सांगतो. कार्यालयाबाहेर जी दुकानं असतात तिथं दिवसभर आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा यांच्या प्रती निघतात. काळ्या पडलेल्या, तिरक्या आलेल्या प्रती मशीनखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात. ते खोकं रद्दीवाल्याकडे जातं. मागच्या पावसाळ्यात गाड्यावर मिरची भजी घेतली. तेल टिपायला दिलेला कागद उलटून बघितला तर एका वयस्क माणसाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. नाव, फोटो, टक्केवारी, डॉक्टरचा शिक्का, सगळं स्पष्ट. भजीवाल्याचा काही दोष नाही, त्यानं रद्दी किलोवर घेतलेली. मी तो कागद घरी आणून जाळला.

तेव्हापासून खराब आलेली प्रत मी दुकानदाराकडून मागून घेतो. अजून एकानंही नकार दिलेला नाही. पैसे दिलेत, कागद आपला.

विनायक_म्हापसा

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका.

याद्या बंद खोलीत ठेवल्या की काय होतं तेही आपण पाहिलंय. मेलेल्या माणसांच्या खात्यात पैसे जात राहिले, दारात दोन गाड्या असलेल्यांच्या घरी गृह आधार (गृहिणींना दरमहा मदत देणारी योजना) चालू, या बातम्या गोव्याच्या पेपरांत वर्षानुवर्षं येताहेत. गृह आधारला घरचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं. ते खरं की खोटं, हे मामलेदारापेक्षा वाड्याला जास्त ठाऊक असतं. माहिती अधिकार कायद्यात, कलम ४ मध्ये, अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी कोण याचा तपशील सरकारनं आपणहून जाहीर करावा असं २००५ पासून लिहिलेलं आहे. हा पैसा तुमच्याआमच्या करातून जातो. यादी उघडी असणं हा गरिबाच्याही फायद्याचा भाग आहे, कारण बोगस नावं निघाली की खऱ्या गरजूला जागा होते.

आधार क्रमांक आणि खाते क्रमांक फिरणं चूक आहे, ते मान्य. पण 'कुणाला मिळतं हेच कळू नये' हे मला पटत नाही.

रानवारा

विनायक, रागवायचं काय त्यात, मुद्दा रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघूया.

रोजगार हमीत हजेरीपट ग्रामसभेत वाचला जातो. तिथं कोण कामावर होता, किती दिवस, किती मजुरी, हे उघड केल्यानं मजुराची लाज जात नाही. कष्ट केले, पैसे घेतले. इथं शेवटच्या रकान्यात 'घटस्फोटित' असं लिहिलंय. तो रकाना वाचून कुठला बोगस लाभार्थी सापडणार? दारातल्या दोन गाड्या शोधायला तो लागत नाही. प्रत्येक वॉर्डात किती लाभार्थी, किती रक्कम, नवीन किती, बंद किती, हे सगळं पंचायतीच्या फलकावर लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. ज्याला शंका आहे त्यानं नाव घेऊन लेखी तक्रार करावी, चौकशी व्हावी. पण गावानं एकेका बाईच्या संसाराचा हिशेब मांडायचा, याला मी पारदर्शकता म्हणणार नाही.

आणि प्रत्यक्षात चर्चा कुणाची होते बघा. आमच्या ग्रुपवर यादी आल्यावर दोन गाड्यांवाल्याबद्दल एक अक्षर कुणी लिहिलं नाही. बोललं गेलं ते एकट्या राहणाऱ्या बायकांबद्दल.

जुनी_फाइल

सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. खातं सांगत नाही. यादी बाहेर कशी पडते ते आतून बघितलेलं असल्यामुळे लिहितो.

बऱ्याचदा हेतू चांगला असतो, आणि हे समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही. या योजनेत लाभार्थीला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला की पैसे थांबतात. म्हातारी माणसं विसरतात, कुणी मुलीकडे गेलेलं असतं, कुणी अंथरुणाला खिळलेलं. पैसे थांबले की ती पंचाच्या दारात. मग पंच कार्यालयाला म्हणतो, माझ्या वॉर्डात कुणाकुणाचा दाखला बाकी आहे तेवढं कळवा, मी निरोप देतो. मागणी योग्य आहे. पण कार्यालयात वेगळी यादी काढायला सवड कुणाला? जी एक्सेल शीट आहे तीच सगळ्या रकान्यांसकट पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाते. पंच ती आपल्या मदतनिसाला देतो, मदतनीस 'ज्यांची नावं आहेत त्यांनी दाखला द्यावा' असं लिहून ग्रुपवर टाकतो. कुणाचंच काही वाईट करायचं मनात नव्हतं.

उपाय तांत्रिक आहे आणि साधा आहे. निरोपासाठी फक्त नाव आणि वाडा पुरतो. बाकीचे रकाने पाठवायच्या आधी काढायचे. निरोप ग्रुपवर न टाकता एकेकाला फोन करायचा. वॉर्डात माणसं असतात किती? शनिवारी पंचायतीत बसणारे, सरकारनं नेमलेले स्वयंपूर्ण मित्र आहेत, त्यांच्याकडेही हे काम देता येईल. यादी बाहेर पाठवायचीच झाली तर कुणी, कुणाला, कधी पाठवली याची नोंद वहीत हवी. सही करायची म्हटलं की माणूस पाठवण्यापूर्वी एकदा थांबतो. हे मी माझ्या टेबलावर करून बघितलेलं आहे.

दुसरं, खिडकी. अर्जदार उभा, मागे रांग, आणि आतून मोठ्यानं प्रश्न: "वेगळे कधी झालात? पोटगी मिळते?" पंख्याच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागते, पण मागे उभ्या सगळ्यांना ऐकू जातं. असे प्रश्न आत बसवून विचारावेत, नाहीतर कागदावर लिहून घ्यावेत. एका खुर्चीचा प्रश्न आहे.

आबोली

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीही मदत आहे.

मी या लोकांबरोबर काम करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांच्यातले काही स्वतःच्या तालुक्यातल्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत, कारण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटतंच. औषधासाठी लांबचा प्रवास करतात, आणि घरी 'कामाला जातो' म्हणून सांगतात. अशा माणसानं योजनेचा फॉर्म भरायचा म्हणजे कार्यालयातल्या टेबलाटेबलावरून ती फाइल जाणार. शेजारच्या गावातला शिपाई ती उचलून नेणार. मी कित्येकदा अर्ज भरून तयार केलेत आणि सहीच्या वेळी माणूस उठून गेलाय. हक्काचे पैसे आहेत, गरज आहे, पण भीती त्याहून मोठी.

रानवाराताईंच्या यादीत 'प्रकार' हा रकाना आहे हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या यादीत असं एक नाव असतं तर? घरमालक खोली खाली करायला सांगतो, मुलाच्या शाळेत कुजबुज सुरू होते. हे मी पाहिलेलं आहे.

कायदा स्पष्ट आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. व्यक्तीच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिची स्थिती कुणाला सांगता येत नाही, आणि ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनी त्या सुरक्षित ठेवायच्या आहेत. सरकारी कार्यालय त्याला अपवाद नाही. अर्जावर आजाराऐवजी नुसता संकेतांक टाकता येईल आणि संकेतांकाचा अर्थ एकाच अधिकाऱ्याकडे ठेवता येईल. मी हे सुचवत आलेय. मान डोलावतात सगळे.

सत्तरीकार

आमच्याकडे वेगळाच प्रकार. मंजुरीपत्रांचं वाटप. हॉलमध्ये मंडप, स्टेज, नाव पुकारायचं, म्हातारीनं काठी टेकत वर जायचं, पत्र हातात धरून फोटो काढायचा. संध्याकाळी तो फोटो फेसबुकवर. पत्रावरचा मजकूर मोठा करून वाचता येतो. माझ्या आईनं जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. शेतात राबून आम्हाला वाढवलं. तिला त्या फोटोत बघितलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. ती काही बोलली नाही. "बरें दिसता मू?" एवढंच विचारलं.

मदत तिच्या हक्काची आहे. पत्र टपालानं यायला हवं होतं.

बोराखत

+१. माझ्या काकीला यादी फिरल्यानंतर 'योजनेची रक्कम वाढलीय, ओटीपी सांगा' असे फोन सुरू झाले. कुठली योजना, बँक कोणती, सगळं बरोबर सांगत होता. म्हणून तिचा विश्वास बसत चालला होता. तेवढ्यात चुलतभाऊ आला आणि फोन काढून घेतला.

कलम_आणि_कागद

वकिली करतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात 'कायदा आहे' असं सांगून लोक मोकळे होतात.

पाया २४ ऑगस्ट २०१७ चा. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो हक्क पैसेवाल्यांपुरता नाही. मदत घेणारा तो हक्क खिडकीबाहेर ठेवून आत जात नाही.

आधारबद्दल. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सरकारी लाभांसाठी आधार मागायला न्यायालयानं परवानगी दिली. मागायला परवानगी आहे, छापायला नाही. आधार कायदा २०१६ च्या कलम २९ नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. पण घडलंय काय? २०१७ मध्ये झारखंडच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून जास्त निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडलेले सापडले. त्याच वर्षी केंद्रानं कबूल केलं की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींची नावं, पत्ते, आधार क्रमांक दिसत होते. कुणा हॅकरनं फोडलेलं यात काही नव्हतं. कार्यालयांनी स्वतःच टाकलेल्या याद्या होत्या. रानवारांच्या गावातली पीडीएफ ही त्याच सवयीची धाकटी आवृत्ती आहे.

आधी तक्रार फक्त आधार प्राधिकरणच करू शकत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ज्याची माहिती फुटली तो स्वतःही ठरावीक गुन्ह्यांसाठी न्यायालयात जाऊ शकतो. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सरकार लाभ देण्यासाठी माहिती वापरतं तेव्हा दरवेळी नव्यानं संमती लागत नाही, पण गरजेपुरतीच माहिती घ्यायची, त्याच कामासाठी वापरायची, सुरक्षित ठेवायची, ही बंधनं नियमांत सरकारवरही आहेत. मात्र मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.

बोराखत, काकींना सांगा, पैसे गेले तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची मदतवाहिनी) फोन. आणि आधार क्रमांक फिरलेल्या सगळ्यांनी आज एक काम करावं: आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करावं. आधारवरून पैसे काढायच्या यंत्रणेला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी त्या पीडीएफमध्ये आहेत. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून अंगठा तयार केल्याची प्रकरणं झालीत. लॉक असेल तर तो अंगठा चालत नाही. स्वतःला लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. अ‍ॅप जमत नसेल तर १९४७ या क्रमांकावर विचारा.

प्रत देताना जिथं चालेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या. प्रतीवर पेनानं आडवं लिहा: कुठल्या योजनेसाठी, कुठली तारीख.

विनायक_म्हापसा

कलम यांनी एक गोष्ट सांगायची सोडली, ती मी सांगतो. याच २०२३ च्या कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी 'व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी' असं त्या कलमातच होतं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार देता येतो. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण ती कोण चालू देणार? म्हणजे पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर मोकाट फिरेल, आणि मी अर्ज करून 'बंद झालेल्या बोगस खात्यांची वसुली किती' विचारलं तर खासगीपणाचं कारण सांगतील. या भीतीपोटी मी आधी तसं लिहिलं.

सत्तरीकार आणि आबोली यांचं वाचल्यावर 'प्रकार' रकान्याबद्दल मी रानवाराताईंशी सहमत आहे. वॉर्डवार आकडे, रक्कम आणि वसुली उघड, माणसाचं कारण बंद. नावांबद्दल मात्र ज्येष्ठांच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर आहे. वय झालं यात लपवायचं काही नाही.

सत्तरीकार

विनायकभाऊ, लपवायचं नाही, पण मिरवायचंही नाही. आईला विचारून ठरवा एवढंच.

रानवारा

सगळ्यांचं वाचून पंचायतीला द्यायचा अर्ज तयार केलाय. इथं टाकते, दुरुस्त्या सुचवा.

"मा. सरपंच व सचिव, लाभार्थींची वैयक्तिक माहिती असलेली यादी आपल्या पंचायत क्षेत्रात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. ती कार्यालयातून कुणी, कुणाला, कोणत्या कारणासाठी दिली याचा लेखी खुलासा व्हावा. ग्रुपवरून यादी काढून टाकण्याचं आवाहन पंचायतीनं करावं. ज्यांचे आधार व खाते क्रमांक उघड झाले त्या प्रत्येकाला पंचायतीनं वैयक्तिकरीत्या कळवून बायोमेट्रिक लॉक करण्यास मदत करावी. यापुढे हयातीच्या दाखल्याचा निरोप फोनवर किंवा घरी जाऊन द्यावा. फलकावर फक्त वॉर्डवार संख्या व रक्कम लावावी. मंजुरीपत्रं टपालानं पाठवावीत. लाभार्थीच्या लेखी संमतीशिवाय छायाचित्र घेऊ अगर प्रसिद्ध करू नये. हा विषय ग्रामसभेत ठेवून संबंधित खात्याच्या संचालकांना ग्रामसभेच्या ठरावाची प्रत पाठवावी."

त्या बाईंशी बोलले. अर्ज मागे घेत नाहीयेत. बायोमेट्रिक लॉक काल माझ्याच फोनवरून केलं, तिच्या नंबरावर ओटीपी मागवून.

जुनी_फाइल

अर्ज चांगला आहे. 'कोणत्या कारणासाठी' हे ठेवा, तोच महत्त्वाचा शब्द. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज कार्यालयात पोचलेलाच नसतो. आणि अर्जाला ती यादी जोडू नका. पुरावा म्हणून जोडावीशी वाटेल, पण मग तीच यादी पंचायतीच्या फाइलमध्ये कायमची राहील. ग्रुपचं नाव, तारीख, वेळ लिहा, नावं आणि आकडे झाकलेला स्क्रीनशॉट पुरे.

आबोली

ठरावात 'आजार किंवा वैवाहिक स्थिती दर्शवणारा रकाना कोणत्याही यादीत नसावा' हे एक वाक्य घाला, प्लीज. आणि बोलताना कुणाचं उदाहरण देऊ नका. समोर बसलेले लगेच अंदाज बांधायला लागतात.

बोराखत

ग्रामसभेत बोलायला त्या पंचायतीचं मतदार असावं लागतं ना? मी लग्नानंतर नाव दुसरीकडे हलवलंय, काकी जुन्या गावात.

कलम_आणि_कागद

हो, त्या पंचायतीच्या मतदार यादीत नाव लागतं. तुम्हाला बोलता येणार नाही, पण काकींच्या सहीनं अर्ज देता येईल. त्या स्वतः गेल्या नाहीत तरी अर्ज विषयपत्रिकेत घ्यायची मागणी सचिवाकडे आधीच लेखी करा.

रानवारा

आबोली, वाक्य घातलं. शिक्क्याची प्रत मिळाली की इथं कळवते. बोराखत, काकींच्या पंचायतीसाठी हाच मजकूर वापरा, फक्त योजनेचं नाव तपासून घ्या.